छोटे अ‍ॅव्होकॅडो, आठ महिन्यांनंतर: फळ चांगलं, तक्रारीची मुदत चुकीची

सोमवारी सकाळी बाबांसाठी कापलेला अ‍ॅव्होकॅडो आतून राखाडी निघाला. दुसरा कापला, तोही तसाच. तिसऱ्यात देठापासून खालपर्यंत काळे धागे. गणपतीत नागपूरच्या गोकुळपेठेतला आमचा फळवाला गावी गेला, म्हणून चार महिन्यांनी पुन्हा त्या किराणा अ‍ॅपवरून तीनची जाळी मागवली होती. तक्रार करायला गेले तर फेब्रुवारीत मिळालं होतं तेच उत्तर आलं: डिलिव्हरीला ४८ तास उलटून गेले आहेत. १६५ रुपये गेले. तेव्हा फेब्रुवारी ते सप्टेंबरचा सगळा अनुभव एकदाचा लिहून टाकते.

अ‍ॅव्होकॅडोत काय काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेल, त्यात जात नाही. मी लहान आकाराचेच का घेते ते सांगते. जानेवारीत बाबांचे उरलेले दात काढले. हिरड्या भरल्याशिवाय कवळी बसणार नव्हती, म्हणजे काही महिने मऊ खाणं. उपमा, गुरगुट्या भात, केळं, दुधात कुस्करलेली पोळी. पंधरा दिवसांत ते विटले. रविवारी तर्रीपोह्यांतले चणे बाजूला काढून नुसता रस्सा प्यायचे, ते मला बघवत नसे. ऑफिसमधल्या मैत्रिणीने एक पिकलेला अ‍ॅव्होकॅडो दिला. मीठ-लिंबू घालून काट्याने कुस्करला आणि वाटीत दिला. वाटी चाटूनपुसून बाबा म्हणाले, "उद्याले अजून हाय का?" दीड महिन्यात त्यांनी स्वतःहून मागितलेलं ते पहिलं खाणं.

सुरुवातीला मोठी फळं आणली. २५० ग्रॅमचं एक, १६० रुपयांना. बाबा एका वेळी निम्मंच खातात. उरलेल्या निम्म्याला लिंबू चोळा, बी तशीच ठेवा, डबा घट्ट लावा, दुसऱ्या दिवशी वरचा थर तपकिरी झालेलाच असतो. बी फक्त तिच्याखालची जागा राखते, बाकीच्या गराला हवा लागतेच. काळपट गर दिसला की बाबा वाटी सरकवतात. म्हणजे १६० रुपयांतले ८० कचऱ्यात, नाहीतर माझ्या डब्यात.

मग छोटे घेतले. १२०-१२५ ग्रॅमचं फळ, तीनची जाळी १६५ रुपयांना, म्हणजे ५५ रुपयांना एक. एक माणूस, एक नाश्ता, उरायचा प्रश्न नाही. मला शंका होती की लहान फळात बीच जास्त असेल, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. मोठ्यात गर निघाला १७५ ग्रॅम, लहानात ८५. प्रमाण जवळपास तेच. १०० ग्रॅम गराला मोठं फळ ९१ रुपयांना पडतं, लहान ६५ ला. धरमपेठेतल्या कॅफेत दोन ब्रेडवर एवढाच गर लावून ३८० रुपये घेतात. फेब्रुवारीअखेर मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते की छोटेच घ्या.

आता त्या ४८ तासांबद्दल, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही. तोडल्यावरच पिकायला लागतो. आपल्याकडे येणारे हास जातीचे छोटे फळ परदेशातून थंड पेटीत येतं (माझ्या जाळ्यांवर बहुतेक वेळा टांझानियाचा स्टिकर होता) आणि घरी पोचतं तेव्हा दगडासारखं असतं. अ‍ॅपवर त्यांनी स्वतःच लिहिलंय: ३ ते ५ दिवसांत पिकेल. आणि तक्रारीची मुदत ४८ तास. जे फळ तुम्हीच सांगता पाचव्या दिवशी कापा, त्याचा दोष मी दुसऱ्या दिवशी कसा दाखवू?

हाच प्रश्न मी फोनवर विचारला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, मिळाल्याबरोबर चेक करायला पाहिजे होतं." मी म्हटलं, बाहेरून सगळी सारखीच हिरवीगार आणि कडक दिसतात. ती म्हणाली, "मग कट करून बघा." कच्चा कापलेला अ‍ॅव्होकॅडो नंतर नीट पिकत नाही, तो वायाच जातो. चांगलं फळ मारून टाकून ते चांगलं होतं हे सिद्ध करायचं का? तिचा दोष नाही, तिच्यासमोर जे लिहिलेलं असतं तेच ती वाचते. पण ज्याने कोणी दुधाच्या पिशवीला, कोथिंबिरीला आणि अ‍ॅव्होकॅडोला एकच मुदत लावली, त्याने हे फळ घरी आणून कधी पिकवलेलं नाही.

आणि असा राखाडी गर बहुतेक वेळा वाहतुकीतलाच दोष असतो. कच्चं फळ साधारण ५ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतून राखाडी पडतं, कुठे कडक कुठे मऊ असं पिकतं. साल मात्र बऱ्याचदा तशीच राहते. म्हणजे गोदामातली चूक माझ्या विळीवर उघडी पडते, पाचव्या दिवशी, मुदत संपल्यावर. मेल केले, फोटो पाठवले, कॅलेंडरवरच्या नोंदी पाठवल्या. एकदा ५० रुपयांचं कूपन आलं, १५ दिवसांत वापरायचं. ते मी हिशोबात धरत नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र काही फळं माझ्याकडूनच बिघडली, तेही सांगितलं पाहिजे. लहानपणी आंबे अढीत घालायचो, चिकू तांदळाच्या डब्यात. त्याच हिशोबाने अ‍ॅव्होकॅडोही तांदळात ठेवले. फेब्रुवारीत चौथ्या दिवशी सुरेख पिकले. एप्रिलअखेर तोच डबा, तेच तांदूळ, आणि फळ बाहेरून काळं पडलं तरी आत रबरासारखं. बाबा म्हणाले, "भोपळ्यावानी लागते हे." कारण नंतर कळलं. हे फळ ३० अंशांच्या वर नीट पिकत नाही, आणि मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ४० च्या आसपास असतं. डब्यात तर हवाही खेळत नाही. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाल्यावर फळं टोपलीत घालून बाबांच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यापासून जरा बाजूला ठेवायला लागले. तेव्हापासून रबर झालं नाही. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. पिकलं की ठेवा, दोन-तीन दिवस थांबतं.

मे अखेर हिशोब केला. चार महिन्यांत १६ जाळ्या, ४८ फळं, २६४० रुपये. त्यातली १५ फेकली. खाल्लेलं प्रत्येक फळ ८० रुपयांना पडलं. म्हणजे १०० ग्रॅम गर ९४ रुपयांना, मोठ्या फळापेक्षाही महाग! मोठीही बिघडतात हे खरं, पण फेब्रुवारीत मी लोकांना ६५ सांगत फिरत होते. ज्यांना सांगितलं त्यांना नंतर एकेक करून दुरुस्त आकडा सांगितला.

तेव्हा हे बंद करायचं ठरवलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोकुळपेठ मार्केटमध्ये संत्र्याचा रस घ्यायला थांबले आणि शेजारच्या फळवाल्याकडे उघडी पेटी दिसली. सवयीने एक फळ दाबलं. तो म्हणाला, "ताई, दाबून नका पाहू, जिथं बोट लागते तिथंच काळं पडते. कवा खायचं हाय ते सांगा, त्या हिशोबानं देतो." मी म्हटलं, एक उद्या, एक परवा, एक शनिवारी. त्याने तीन वेगवेगळ्या जागचे तीन दिले. एक काळपट आणि जरा नरम, एक अर्धवट रंग बदललेला, एक हिरवा. तिन्ही आपापल्या दिवशी तयार झाले.

पुढच्या खेपेला त्याने पेटीवरचा नंबर दाखवला. ४ किलोची पेटी असते आणि नंबर म्हणजे त्यात किती फळं बसली ते. १२ नंबर म्हणजे पाव किलोच्या वरचं एक फळ, ३० नंबर म्हणजे १३०-१३५ ग्रॅमचं. "हॉटेलवाले मोठेच मागतात, म्हणून ३० नंबर स्वस्त पडते," तो म्हणाला. स्टिकरवर ४०४६ आकडा असेल तर तो छोट्या हासचा, ४२२५ मोठ्याचा. चार महिने हे फळ खाऊन मला यातलं काही माहीत नव्हतं.

जुलैत त्याच्याकडचं एक फळ आतून काळं निघालं. सवयीने फोटो काढला. त्याने फोटो पाहिलाच नाही. "कापलेलं घिऊन या ताई, बी-सकट." दुसऱ्या दिवशी डब्यात घालून नेलं. त्याने वास घेतला, देठाकडचा भाग पाहिला, म्हणाला हे तोडतानाच खराब असणार, आणि दुसरं हातात ठेवलं. मुदत विचारली तर म्हणाला, पिकायला जितके दिवस लागतात तितके. मी तिथेच उभी राहून त्याचे तीनदा आभार मानले. माझ्या मोठ्या तक्रारीचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं होतं.

त्याचाही भाव ५५ च आहे. जूनपासून आजवर ४८ फळं घेतली, ४ खराब निघाली, दोन बदलून मिळाली. खाल्लेल्या फळाचा दर ५७ रुपये. सोमवारची अ‍ॅपची जाळी यात नाही. चव, आकार, सोय या बाबतीत फळाला माझ्याकडून पूर्ण गुण. अ‍ॅपवरून मात्र जाळी घेऊ नका, निदान ती मुदत बदलेपर्यंत. आणि घ्यावीच लागली तर आल्या दिवशी देठाचा खुंट काढून पाहायला जाऊ नका, उघड्या जागेतून कुज आत शिरते. मी तीन फळं त्यात घालवली.

पावसाळ्यात त्याच्याकडे दक्षिणेचं बटर फ्रूटही येतं, वायनाड-कूर्गकडचं. चारशे-पाचशे ग्रॅमचं, पिकल्यावरही हिरवंच. किलोवर स्वस्त आहे, पण गर पाणचट आणि एकदा कापलं की उरतंच. दुधात फिरवायला बरं. आमच्या कामाचं नाही.

आता वाटीत काय असतं ते. कुस्करलेला गर, मीठ, लिंबू, अगदी बारीक चिरलेला सांबार. पुणे-मुंबईवाल्यांनी कोथिंबीर वाचावं. वर मोहरी-हिंगाची फोडणी, पण थंड करून. गरम फोडणीत किंवा तव्यावर हा गर कडवट होतो, एकदा पराठ्यात घालून पाहिला आणि अख्खी कणीक फुकट गेली. सोबत ज्वारीच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा. दोघांचा नाश्ता, भाकरी धरून, १२५ रुपयांच्या आत होतो. रोज परवडत नाही. आठवड्यातून तीनदा बाबांना, मी एखाद्या वेळी.

जुलैअखेर बाबांची कवळी बसली. पहिल्या रविवारी त्यांनी तर्रीपोहे मागवले आणि चणे सावकाश, एकेक करून खाल्ले. मला वाटलं, अ‍ॅव्होकॅडो आता सुटला. सोमवारी सकाळी टोपलीत हात घालून विचारत होते, यातलं आजचं कोणतं.

फळवाला शुक्रवारी परत येतोय. त्याला थंडीचं विचारायचंय. डिसेंबरात आमचं स्वयंपाकघर पहाटे बारा-तेरा अंशांवर येतं, तेव्हा ही पिकणार कशी, कागदी पिशवीत केळं घालून भागेल की तांदळाचा डबा परत काढावा लागेल.