क्रिस्टलडिस्कइन्फो: जुन्या पीसीची हार्ड डिस्क तपासायला कितपत भरवशाचं?

पीसी रखडायला लागला की कॉम्प्युटरवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘फॉरमॅट मारून देतो’. डिस्कच जात असेल तर फॉरमॅटने डेटा जातो, डिस्क तीच राहते आणि महिन्याभरात नवं विंडोजही रडायला लागतं. म्हणून आधी डिस्क तपासावी. विंडोजवर त्यासाठी सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो. ते जपानी आहे, फुकट आहे आणि सोर्स कोड खुला आहे. झिप आवृत्ती घ्या, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. पेन ड्राइव्हवर उघडून तिथूनच चालवा, म्हणजे संशयित डिस्कवर ते स्वतःहून काही लिहीत नाही. शिझुकू वगैरे अॅनिमे शैलीतल्या मुलींची चित्रं असलेल्या आवृत्त्या फक्त सजावटीच्या आहेत.

उघडल्यावर डावीकडे एक रंगीत चौकट दिसते: निळी म्हणजे चांगली, पिवळी म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. बहुतेक लोक एवढंच बघून खिडकी बंद करतात आणि तिथेच चुकतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत पिवळा रंग प्रामुख्याने खालच्या यादीतल्या तीन ओळींवरून ठरतो: ०५, सी५ आणि सी६. खरी माहिती या ओळींच्या शेवटच्या रकान्यात, म्हणजे रॉ व्हॅल्यूमध्ये (डिस्कने नोंदवलेल्या कच्च्या आकड्यात) असते.

हा रकाना मुळात हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) दिसतो आणि नवख्याचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ओळ ०९ म्हणजे डिस्क किती तास चालली. तिथे ४ई२० दिसलं तर ते २०,००० तास, म्हणजे सलग सव्वादोन वर्षं. ‘फंक्शन’ मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड फीचर’मध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू दशमान करून घ्या. हे आधीपासूनच तसं का नसतं, देव जाणे. (काही जुन्या मॅक्सटर डिस्क तासांऐवजी मिनिटं मोजतात, तेव्हा अचाट आकडा दिसला तर दचकू नका.)

आता त्या तीन ओळी. एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा) वाचता आला नाही की डिस्क त्याची नोंद सी५ मध्ये करते: हा संशयित, निकाल बाकी. पुढे त्या जागी काही लिहिलं गेलं आणि लिहिणं जमलं, तर सी५ मधून तो कमी होतो. नाहीच जमलं तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर त्याच्या बदल्यात देते आणि ०५ वाढतो. म्हणजे ०५ म्हणजे झालेली दुरुस्ती आणि सी५ म्हणजे चालू दुखणं. ०५ मध्ये ८ आहे आणि वर्षभर ८ च आहे, अशी डिस्क सिनेमे ठेवायला चालते. सी५ आज ८, परवा ४०, तर तिच्यावर एक दिवसही विसंबू नका. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत सापडलेले, दुरुस्त न झालेले सेक्टर. तोही सी५ सारखाच धोक्याचा.

एकच आकडा फारसं सांगत नाही, तो वाढतोय का ते बघावं लागतं. त्यासाठी ‘एडिट’मधून सगळी यादी मजकूर म्हणून कॉपी करा, तारीख टाकून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढून शेजारी लावा. ही सोय अगदी कामाची आहे आणि फार कमी जण ती वापरतात.

सी७ वर विशेष लक्ष द्या, कारण इथे चांगल्या डिस्क फुकट भंगारात जातात. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुकांचा. तो वाढत असेल तर बहुतेकदा साटा केबल, म्हणजे या दोघांना जोडणारी डेटाची केबल, खराब किंवा सैल असते. केबल बदला, मदरबोर्डवरचा पोर्टही बदलून बघा. आधीचा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आयडीई (साटाच्या आधीच्या जोडणीच्या) डिस्कवाल्या पीसीत ८० तारांची केबल आहे ना, तेही बघावं.

आणि सीगेटवाल्यांनी ०१ व ०७ समोरचे अवाढव्य आकडे बघून घाबरू नये. त्यांत चुकांबरोबर एकूण क्रियांची मोजणीही एकाच संख्येत कोंबलेली असते.

आता कमतरता. हे सॉफ्टवेअर डिस्कची चाचणी घेत नाही. डिस्कने स्वतः लिहून ठेवलेलं फक्त वाचून दाखवतं. गुगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. तेव्हा निळी चौकट म्हणजे हमीपत्र नव्हे. उलट पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क ६० दिवसांत जाण्याची शक्यता ३९ पटीने जास्त आढळली होती. दुसरी अडचण डिस्क बाहेरून जोडायच्या यूएसबी डब्यांची: काही जुने अॅडॅप्टर ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, मग यादीत डिस्क दिसतच नाही. शक्य असेल तर डिस्क थेट साटाला जोडा.

चाचणीसाठी जीस्मार्टकंट्रोल घ्या, तेही फुकट. त्यातली छोटी चाचणी दोनेक मिनिटांत होते, मोठी अख्खा पृष्ठभाग वाचते. ५०० जीबीला साधारण दोन तास धरा. वाचनात चूक सापडली तर मोठी चाचणी सहसा तिथेच थांबते आणि पहिल्या खराब सेक्टरचा पत्ता नोंदवते. असा निकाल आला की वाद संपला. पण मोठी चाचणी बॅकअपनंतरच. मरणाऱ्या डिस्कला दोन तास घासायचं आणि मग फोटो कॉपी करायला घ्यायचे, हा उलटा क्रम झाला. विंडोजमधल्या चेक डिस्कचं दुरुस्तीवालं काम तर त्याहून घातक, कारण ते त्याच डिस्कवर लिहितं. सी५ वाढत असेल तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू करून डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि हट्टी सेक्टर शेवटी ठेवतं. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल मात्र तिसऱ्या जागी ठेवायला विसरू नका. तिच्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम पुढून सुरू करता येतं.

लक्षणंही जुळवून बघा. माऊस हलतोय, पण काही उघडत नाही, कॅबिनेटवरचा लाल दिवा सलग पेटलेला, आणि मिनिटभराने सगळं एकदम सुरळीत: डिस्क एकाच सेक्टरवर अडून पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा असं होतं. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ‘डिस्क’ नावाने ७ किंवा १५३ क्रमांक दिसले तर संशय पक्का. टकटक आवाज येत असेल तर आकडे बघत बसू नका, पीसी बंद करा. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या. फक्त आधी एसएमपीएसची (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) १२ व्होल्टची वायर नीट बसली आहे ना, तेवढं बघा. अपुऱ्या विजेनेही डिस्क टकटकते. आणि ०५, सी५, सी६ हे तिन्ही आकडे शून्य, चाचणी स्वच्छ, तरी विंडोज १० वर डिस्क १०० टक्के गुंतलेली दिसत असेल, तर डिस्क बहुधा आजारी नसून फक्त मंद आहे. तिथे एसएसडी टाकणं हाच इलाज.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी डिस्क घेताना दुकानदाराच्या समोरच हे चालवून बघायला हरकत नाही. पण तास कमी दिसले म्हणून जास्त पैसे मोजू नका, ही नोंद पुसून मिळते. मोठी चाचणी होईपर्यंत परत घ्यायची तयारी आहे का, ते विचारा.

पाचपैकी चार. एक गुण हेक्साडेसिमलसाठी कापला.