कुंडलिनी योगाचा रेकॉर्डेड कोर्स: पहिला धडा उत्तम, दुसऱ्यात घाई नडते

सहा धडे, प्रत्येक साधारण ५० मिनिटांचा, शिकवणं मराठीतून, किंमत १,४९९ रुपये. सगळ्या धड्यांचा गाभा एकच आहे: या परंपरेत ‘बेसिक स्पायनल एनर्जी सिरीज’ म्हणून ओळखली जाणारी कण्याच्या व्यायामांची मालिका. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे दाखवलेले दोष फक्त याच कोर्समध्ये सापडतील असं नाही, आणि हे वाचून कोणताही कोर्स पारखता यावा एवढीच इच्छा आहे.

पारखायचं कसं? शिकवणारी व्यक्ती श्वास मोजते की हालचाल, ते बघावं. कुंडलिनी योगात हालचाल श्वासाच्या मागून यायला हवी. श्वास अर्धा क्षण आधी सुरू होतो, शरीर त्याच्यामागे निघतं. हे उलटं झालं की उरते ती नुसती कवायत.

पहिल्या धड्यात हे फार सुरेख दाखवलं आहे. मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांनी घोट्यांच्या वर नडग्या धरायच्या. श्वास घेताना छाती पुढे काढायची, सोडताना पाठीला मागे बाक द्यायचा. मनात श्वास घेताना ‘सत्’, सोडताना ‘नाम’. कॅमेरा बाजूने लावल्यामुळे हालचाल कुठून सुरू होते ते स्वच्छ दिसतं: आधी कमरेचं हाड पुढे कलतं, मग कंबर, मग छाती. हनुवटी जमिनीला समांतर राहते, डोकं होकार दिल्यासारखं वरखाली होत नाही. नवशिक्यांची पहिली चूक नेमकी हीच असते. कंबर जागची हलत नाही, मानच झुलत राहते आणि दुसऱ्या दिवशी तीच दुखते.

श्वास याच दिशेने का, याचं कारणही शिकवणाऱ्या बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं आहे. छाती पुढे आली की बरगड्या पसरतात आणि श्वासपटलाला खाली उतरायला जागा मिळते. पाठ मागे गोल झाली की पोट दबतं, श्वासपटल वर ढकललं जातं आणि हवा आपसूक बाहेर पडते. श्वास उलटा धरला तर भरायला निघालेली छाती आपणच दाबून टाकतो. मग वीस-पंचवीस आवर्तनांत खांदे कानांकडे चढतात, गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. ही खूण ओळखता आली तर चूक स्वतःची स्वतःला दुरुस्त करता येते. एवढ्या एका धड्यासाठीही पैसे द्यायला हरकत नाही.

दुसऱ्या धड्यात मात्र सगळं बिनसतं. मागे ढोलाचा ठेका सुरू होतो आणि बाई आकडे मोजू लागतात. सुरुवातीला एक आवर्तन दोन सेकंदांचं असतं, पन्नाशी ओलांडेपर्यंत ते एका सेकंदावर येतं. इतक्या वेगात नवख्या माणसाचा श्वास पुरा आत जात नाही. तो तोंडाने घ्यायला लागतो किंवा नकळत रोखून धरतो. १०८ आवर्तनं दोन सेकंदांच्या गतीने साडेतीन मिनिटांच्या वर जातात. नव्या माणसाने तीन-चार सेकंदांचं एक आवर्तन धरावं आणि १०८ च्या जागी २६ करावीत. ही सूट या मालिकेच्या मूळ सूचनांमध्येच आहे. २६ करायची असतील तर मधली एक मिनिटाची विश्रांती वाढवून दोन मिनिटांची करायची, हेही तिथेच सांगितलेलं आहे. कोर्समध्ये याचा उल्लेखच नाही. उलट धडा वेळेत बसवण्यासाठी विश्रांती वीस सेकंदांवर आणली आहे, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. हालचाल थांबली की श्वास स्वतःची लय कशी धरतो, कण्यात ऊब कुठे जाणवते, हे त्या मिनिटभरातच कळतं. तेच कापलं तर पुढचा व्यायाम मागच्याच दमावर सुरू होतो.

तिसरा आणि चौथा धडा ठीक. वज्रासनात, हात मांड्यांवर ठेवून तीच हालचाल. मग खांदे धरून (बोटं पुढे, अंगठे मागे) श्वास घेताना डावीकडे आणि सोडताना उजवीकडे वळणं, २६ वेळा. मग बोटांची अडकवण छातीसमोर धरून कोपरं तराजूसारखी वरखाली. वळताना कोपरं खाली पडू द्यायची नाहीत, ती खांद्याच्या रेषेत हवीत. बाईंनी हे दोनदा बजावलं आहे.

पाचवा धडा ‘ब्रेथ ऑफ फायर’चा. इथे एक गंभीर चूक आहे. ‘ही आपली कपालभातीच’ असं सांगून विषय संपवला आहे. आपल्याकडे शिबिरांत शिकवतात त्या कपालभातीत जोर फक्त सोडण्यावर असतो, श्वास आपोआप आत येतो. ब्रेथ ऑफ फायरमध्ये घेणं आणि सोडणं समसमान, मधे थांबा नाही, सगळं नाकाने. वेग सेकंदाला दोन ते तीन. सोडताना बेंबी आत, घेताना बाहेर, छाती जवळपास स्थिर. भस्त्रिकेसारखे मोठे श्वास नाहीत. हवा थोडीच आत-बाहेर होते. कपालभातीची सवय असलेला माणूस हे करायला गेला की सोडतो जास्त आणि घेतो कमी, आणि मिनिटाभरात धाप लागते. कुणी भस्त्रिकेसारखे मोठे श्वास याच वेगाने घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. असं झालं तर लगेच थांबावं आणि साधा श्वास सुरू ठेवावा.

शिकण्याची सोपी रीत कोर्समध्ये हवी होती. जीभ बाहेर काढून कुत्र्यासारखं धापायचं, पोटाची हालचाल हाताला जाणवली की तीच लय ठेवून तोंड मिटायचं. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पुरे. श्वास घेताना पोट आत जात असेल (अशी सवय पुष्कळांना असते) तर आधी उताणं झोपून, पोटावर एखादं पुस्तक ठेवून, ते घेताना वर आणि सोडताना खाली जातं का ते बघत काही दिवस काढावेत.

सहाव्या धड्यातली सत् क्रिया पुन्हा पहिल्या धड्याच्या तोडीची आहे. वज्रासन, हात डोक्यावर सरळ, दंड कानांना चिकटलेले, बोटं गुंफून फक्त तर्जन्या वर. ‘सत्’ म्हणताना बेंबी आत खेचायची, ‘नाम’ म्हणताना सोडायची, दहा सेकंदांत साधारण आठ वेळा. इथे श्वास मोजायचा नसतो, आवाज आणि पोट जुळलं की तो स्वतःच बसतो. बाईंचं पोट, आवाज आणि स्थिर पाठ एकत्र बघताना हे नीट समजतं. तीन मिनिटांनंतर श्वास घेऊन मूळबंध (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर आवळून धरणं) लावायचा आणि पाठीचे स्नायू खालून वर आवळत न्यायचे, हेही सावकाश दाखवलं आहे. त्यानंतरचं शवासन मात्र चारच मिनिटांचं. मालिकेत ते पंधरा मिनिटांचं असतं.

जाहिरातीत ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पुढे केला आहे. त्या अध्यायात कुंडलिनीचं आणि बंधांचं वर्णन आहे, पण ही मालिका तिथली नाही. ती योगी भजन यांच्या शिकवणीतली आहे. ते १९६९ पासून अमेरिकेत शिकवत होते. त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची चौकशी होऊन २०२० मध्ये अहवाल आला आणि ते आरोप खरे असण्याची शक्यताच अधिक, असा निष्कर्ष त्यात निघाला. शिकणाऱ्याला हे माहीत असायला हवं. मालिका करायची की नाही, हे त्याने मग ठरवावं.

सावधगिरीच्या सूचना शेवटच्या व्हिडिओच्या तळाशी बारीक अक्षरांत आहेत. त्या पहिल्या मिनिटात सांगायला हव्या होत्या. गरोदरपणात आणि पाळीच्या पहिल्या दिवसांत ब्रेथ ऑफ फायर आणि बंध करू नयेत. उच्च रक्तदाब, हर्निया, फिट्स, काचबिंदू, मणक्याची सरकलेली चकती यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. जेवण आणि सराव यांत तीन तासांचं अंतर हवं.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, कारण पहिल्या आणि सहाव्या धड्याइतकं नेमकं शिकवणं सहज मिळत नाही. पाचव्यातला ब्रेथ ऑफ फायर त्या स्क्रीनवरून शिकू नका, समोर बसून पोटाकडे बघणारा शिक्षक शोधा. दुसरा धडा आवाज बंद करून लावा, स्वतःच्या श्वासाने २६ मोजा, पॉज दाबा आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसा.