जेन ऑस्टिनचं वाक्य तपासायचंय: गुगल बुक्स, गुटेनबर्ग की टिपांची छापील आवृत्ती?

दिवाळी अंकातल्या लेखात, भाषणात किंवा पुस्तकाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचं एखादं वाक्य टाकायचं ठरलं, की ते तिनं खरंच लिहिलंय का आणि लिहिलं असेल तर कुठे, हे शोधणं आलं. सुवचनांच्या संकेतस्थळांचा विचार इथे केलेला नाही. तिथे फार तर कादंबरीचं नाव मिळतं, प्रकरण मिळत नाही, आणि सहा कादंबऱ्यांत नुसत्या नावावर काही सापडत नाही. म्हणजे खरे पर्याय तीन उरतात: गुगल बुक्सवर शोध, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या हक्कमुक्त पुस्तकं फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवलेल्या फायली, किंवा कपाटातली टिपांसह संपादित आवृत्ती. मी तिन्ही वापरतो. तरी पहिला हात नेहमी गुटेनबर्गकडेच जातो.

कादंबरीतलं वाक्य तपासताना दोन वेगळे प्रश्न असतात. वाक्य पुस्तकात आहे का, हा पहिला. ते कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय, हा दुसरा. निबंधाला किंवा पत्राला पहिला प्रश्न पुरतो, कारण तिथे बोलणारी लेखिकाच असते. कादंबरीत तसं नसतं, आणि बहुतेक चुका या दुसऱ्या प्रश्नावर होतात.

सगळ्यात ठळक उदाहरण बँक ऑफ इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेचं. ही नोट 14 सप्टेंबर 2017 रोजी चलनात आली. तिच्यावर ऑस्टिनचं चित्र आहे आणि वाचनासारखा दुसरा आनंद नाही, या अर्थाचं वाक्य आहे. वाक्य अस्सल आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या अकराव्या प्रकरणात ते आहे. पण ते कॅरोलाइन बिंगली म्हणते. ज्याच्यावर तिचा डोळा आहे तो डार्सी वाचत बसला आहे. त्याच्या पुस्तकाचा दुसरा खंड आहे, एवढ्याच कारणासाठी तिनं तो हातात घेतला आहे, आणि तिचं निम्मं लक्ष त्याची किती पानं झाली याकडे आहे. कंटाळून ती मोठी जांभई देते आणि मग हे उद्गार काढते. कुणी काही बोलत नाही. ती पुन्हा एक जांभई देते आणि पुस्तक बाजूला टाकते. वाक्य शब्दाला शब्द बरोबर असूनही ते वाचनाच्या कौतुकाचं राहत नाही. (वाचनावरचंच वाक्य हवं असेल, तर 'नॉर्थँगर ॲबी'च्या चौदाव्या प्रकरणात हेन्री टिल्नी चांगल्या कादंबरीत रस न वाटणाऱ्यांबद्दल जे बोलतो ते घ्यावं. तेही पात्राचंच आहे, पण प्रसंग त्याला साथ देतो.)

आता हेच वाक्य गुगल बुक्सवर शोधलं तर काय होतं? निकाल क्षणात येतात, भरपूर येतात. त्यातली बरीच पुस्तकं अलीकडची असतात आणि त्यांचं पान उघडत नाही. शोधलेल्या शब्दांभोवतीच्या तीन-चार ओळींचा तुकडा तेवढा दिसतो. वाक्य त्या तुकड्यात असतं. बोलणारी व्यक्ती बहुधा नसते. माझा कल ठरवला तो याच एका त्रासानं. ऑस्टिनच्या बाबतीत तो जास्तच जाचतो, कारण तिचे संवाद लांब पळतात आणि प्रत्येक उद्गारामागे 'असं तो म्हणाला' येत नाही. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं. 29 जानेवारी 1813 रोजी, 'प्राइड'ची छापील प्रत हाती आल्यावर, बहीण कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की अधूनमधून एखादं 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' असतं तर संवाद पटकन कळले असते. त्याच आठवड्यातल्या, 4 फेब्रुवारीच्या पत्रात तिसऱ्या खंडातल्या पान 220 वरच्या चुकीची तक्रार आहे: छापणाऱ्यानं दोघांची बोलणी एकत्र करून एकाच्याच तोंडी घातली होती. खुद्द पहिल्या आवृत्तीत बोलणारा हरवत असेल, तर चार ओळींच्या तुकड्यात तो सापडावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

मराठीत उद्धृत करणाऱ्याला तर बोलणारा कळल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. 'मी तर म्हणते' लिहायचं की 'मी तर म्हणतो', हे इंग्रजी वाक्य सांगत नाही. त्यासाठी प्रसंग वाचावा लागतो.

गुगल बुक्समध्येही जुन्या, हक्कमुक्त आवृत्त्या पूर्ण उघडतात, हे मान्य. 'फुल व्ह्यू'ची चाळणी लावली की त्या वेगळ्या काढता येतात आणि मग पानं मागेपुढे करता येतात. पण ती चित्रं असतात. यंत्रानं ओळखलेल्या अक्षरांत चुका असतात, आणि एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं की शोध 'नाही' म्हणतो. एक वाक्य तपासायचं असेल तर चालतं. लेखातली आठ-दहा वाक्यं एका बैठकीत तपासायची असतील, तर प्रत्येक वेळी योग्य आवृत्ती शोधण्यातच वेळ जातो.

गुटेनबर्गच्या फायलीत हा प्रश्न नसतो. वाक्य सापडलं की अख्खं प्रकरण समोर असतं आणि वर सरकत जाऊन शेवटचं नाव कुठे आलं ते पाहता येतं. पद्धत साधी आहे. अवतरणचिन्ह जिथे उघडलं त्या परिच्छेदापर्यंत वर जायचं. तिथे नाव नसेल तर आणखी वर, ज्या परिच्छेदात नाव स्पष्ट आहे तिथपर्यंत. मग तिथून खाली उतरत प्रत्येक नवा उद्गार आळीपाळीनं दोघांना वाटत यायचं. खोलीत तिसरं माणूस असेल तर ही आळीपाळी फसते, म्हणून प्रसंगाच्या सुरुवातीला कोण कोण हजर आहे तेही पाहून घ्यायचं. 'अहंकार आणि अभिमान या वेगळ्या गोष्टी' हे ऑस्टिनचं म्हणून फिरणारं वाक्य असं तपासलं की मेरी बेनेटपाशी पोचतं ('प्राइड', प्रकरण 5), जी पुस्तकी उपदेश करण्यासाठीच घरात ओळखली जाते. 'भरपूर उत्पन्न हाच सुखाचा उत्तम उपाय' हे मेरी क्रॉफर्डचं ('मॅन्सफील्ड पार्क', प्रकरण 22). जवळीक वेळेवर ठरत नाही, स्वभावावर ठरते, हे 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या बाराव्या प्रकरणात मेरिअ‍ॅन म्हणते ते विलोबीच्या बाजूनं, आणि तोच विलोबी पुढे तिला सोडून जातो.

पण गुटेनबर्गचेही खड्डे आहेत. ते माहीत नसतील तर खरं वाक्य खोटं ठरेल.

पहिला खड्डा ओळ तुटण्याचा. साध्या मजकुराच्या फायलीत दर सत्तरेक अक्षरांनंतर ओळ तोडलेली असते. पाच-सहा शब्दांचा तुकडा नोटपॅडमध्ये शोधला आणि तो नेमका दोन ओळींत विभागला गेला असेल, तर शोध हात हलवत परत येतो. म्हणून साधी फाइल घेऊ नये. त्याच पुस्तकाची एचटीएमएल (वेबपानाच्या रूपातली) फाइल उतरवून ब्राउझरमध्ये उघडावी. तिथे ओळी पानाच्या रुंदीप्रमाणे वाहतात. साध्या फायलीत तिरपे शब्द दाखवायला दोन्ही बाजूंना अधोरेषा घातलेली असते, तीही शोध अडवते. एचटीएमएलमध्ये तो त्रास नाही.

दुसरा खड्डा शब्दलेखनाचा. 'एनीथिंग', 'एव्हरीबडी' हे शब्द ऑस्टिनच्या काळी तोडून छापत, नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत ते जोडलेले असतात. नोटेवरच्या वाक्याला लागूनच येणाऱ्या पुढच्या वाक्यात 'एनीथिंग' आहे. 'चूज' आणि 'शो' यांची जुनी लेखनं वेगळी. लहानपणच्या लेखनातलं 'हवं तेवढं वेड लागू द्या, पण मूर्च्छा येऊ देऊ नका' हे प्रसिद्ध वाक्य आजच्या लेखनानं शोधलं तर सापडत नाही, कारण तिथे 'चूज' जुन्या पद्धतीनं लिहिलंय. ते ज्या कथेत आहे त्या 'लव्ह अँड फ्रेंडशिप'च्या नावातच स्वरांची अदलाबदल आहे. म्हणून पूर्ण वाक्य कधीच शोधू नये. सलग तीन शब्द घ्यावेत: ज्यांचं लेखन बदललेलं नाही, ज्यांत लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) नाही आणि जे रोजचे नाहीत. तेवढ्यानं न मिळाल्यास वाक्याच्या दुसऱ्या टोकाचे तीन. वाक्य मराठीत हाती आलं असेल तर नामं पकडावीत. क्रियापदाचं मूळ रूप ओळखणं अवघड जातं.

तिसरा खड्डा छोटा आहे. गुटेनबर्गवरची 1342 क्रमांकाची 'प्राइड'ची फाइल 1894 च्या सचित्र आवृत्तीवरून केली आहे आणि तिला जॉर्ज सेंट्सबरी यांची लांब प्रस्तावना आहे. शोध प्रस्तावनेत थांबला तर ते शब्द समीक्षकाचे असू शकतात. बाकीचे क्रमांक: 'एमा' 158, 'सेन्स' 161, 'मॅन्सफील्ड पार्क' 141, 'नॉर्थँगर' 121, 'पर्स्वेजन' 105, 'लेडी सुझन' 946, 'लव्ह अँड फ्रेंडशिप' 1212.

मग गुगल बुक्स कशासाठी? खोट्या वाक्याचा जन्म शोधण्यासाठी, आणि त्यात त्याला तोड नाही. गुटेनबर्ग 'कादंबरीत नाही' एवढंच सांगतो. 'मग आलं कुठून' हे सांगत नाही. गुगल बुक्सवर वाक्य अवतरणचिन्हांत टाकून काळाची मर्यादा 1995 पर्यंत लावली आणि काहीच आलं नाही, पण मर्यादा काढल्यावर शेकडो निकाल आले, तर संशय सरळ कादंबऱ्यांवरून निघालेल्या अलीकडच्या चित्रपटांवर जातो. आपल्यातल्या उणिवांमुळेच आपण एकमेकांना इतके पूरक आहोत, हे 1996 च्या 'एमा' चित्रपटातलं. आपण काय बोलतो यापेक्षा काय करतो यानं आपण ठरतो, हे बीबीसीच्या 2008 च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' मालिकेतलं, पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. अर्धं-अर्धंही असतं: डोंगर-कड्यांपुढे पुरुषांचं काय, हे एलिझाबेथ कादंबरीत म्हणतेच ('प्राइड', प्रकरण 27), पण लोक उद्धृत करतात त्या रूपात 2005 च्या चित्रपटानं घातलेला 'कम्पेअर्ड' हा जास्तीचा शब्द बहुधा असतो. इथे एक सावधगिरी: गुगल बुक्सवरची वर्षं डोळे झाकून घेऊ नयेत. पुनर्मुद्रणाला मूळ पुस्तकाचं किंवा नियतकालिकाच्या सगळ्या अंकांना पहिल्या अंकाचं वर्ष लागलेलं आढळतं. आणि शेकडो पुस्तकांत वाक्य आहे, हा पुरावा नव्हे. ती एकमेकांवरून उतरवलेली असतात.

छापील संपादित आवृत्तीबद्दल थोडक्यात. आर. डब्ल्यू. चॅपमन यांची ऑक्सफर्डची 1923 ची, किंवा जॅनेट टॉड यांच्या प्रमुख संपादनाखालची केंब्रिजची, दोन्ही भक्कम आहेत. पाठभेद, छपाईच्या शंकास्पद जागा, पात्र कुणाची ओळ उचलून बोलतंय, हे त्यांच्या टिपांतच मिळतं. पण वाक्य कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि एखादं वाक्य नाहीच, हे छापील पुस्तक चाळून सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे ती शेवटची पायरी.

त्या पायरीवर जाताना प्रकरणांच्या आकड्यांचा घोळ होतो, तो आधीच सोडवून ठेवलेला बरा. कादंबऱ्या खंडांत निघाल्या आणि प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा एकपासून सुरू झाली. काही आवृत्त्या तसेच आकडे ठेवतात, काही सलग देतात. खंडवार प्रकरणं अशी: 'सेन्स' 22, 14, 14, 'प्राइड' 23, 19, 19, 'मॅन्सफील्ड पार्क' 18, 13, 17, 'एमा' 18, 18, 19, 'नॉर्थँगर' 15, 16, 'पर्स्वेजन' 12, 12. नाइटलीचं 'प्रेम कमी असतं तर त्याबद्दल जास्त बोलू शकलो असतो' हे सलग मोजणीत 'एमा'चं प्रकरण 49, खंडवार मोजणीत खंड 3, प्रकरण 13. टिपेत दोन्ही द्यावेत आणि पान क्रमांक टाळावा, कारण तो एकाच आवृत्तीपुरता खरा असतो. शेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहावं, म्हणजे पुढच्याला पुन्हा वर सरकत जावं लागणार नाही.

सहाही कादंबऱ्यांत आणि लहानपणच्या लेखनात वाक्य न मिळालं, पण बाज ऑस्टिनचाच वाटत असेल, तर पत्रं पाहावीत. माणसं फार गोड नसलेली बरी, त्यांच्यावर जीव लावायचा त्रास वाचतो, हे कुठल्याही पात्राचं नाही. 24 डिसेंबर 1798 रोजी कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रातलं आहे. इथे मात्र माझा कल पूर्ण बदलतो. गुटेनबर्गवर मिळणारा पत्रांचा संग्रह हा लॉर्ड ब्रॅबर्न यांच्या 1884 च्या पुस्तकातून केलेली निवड आहे, सगळी पत्रं नव्हेत. तिथे 'सापडलं नाही' याला अर्थ नसतो. तेव्हा एकच छापील पुस्तक विकत घ्यायचं असेल, तर कादंबऱ्यांच्या संचाआधी डिअर्ड्रा ले फे यांनी संपादित केलेली पत्रं घ्यावीत. उपलब्ध असलेली सुमारे 160 पत्रं तारखेनुसार त्यात आहेत आणि मागे नावांची सूचीही आहे.