चित्र काढणारे साधन की मॉडेल सांभाळणारे : ड्रॉ डॉट आयओ आणि स्टारयूएमएल

प्रणाली विश्लेषण शिकणाऱ्याला डीएफडी (प्रणालीत माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणारी आकृती) कशी वाचायची, यूज केस (वापरणाऱ्याला प्रणालीकडून करून घ्यायचे एक काम) कशाला म्हणायचे, क्लास डायग्राममधल्या (प्रणालीतल्या वस्तूंचे प्रकार, म्हणजे क्लास, आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या आकृतीतल्या) रेघांचे अर्थ काय, एवढे वर्गात कळलेले असते. अडते ते या आकृत्या प्रत्यक्ष कशात काढायच्या इथे. माझ्यापुढे हा प्रश्न आला तेव्हा चाळणी लावून शेवटी दोन नावे उरली होती, ड्रॉ डॉट आयओ आणि स्टारयूएमएल. दोन्ही मी प्रत्यक्ष कामात वापरली आहेत आणि दोन्ही आजही माझ्या संगणकावर आहेत. ड्रॉ डॉट आयओमध्ये आपण चित्र काढतो; स्टारयूएमएलमध्ये मॉडेल, म्हणजे प्रणालीतल्या वस्तूंची एकच सामाईक नोंद, उभे करतो आणि चित्र हे त्या मॉडेलचे केवळ एक दर्शन असते. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. मलाही पहिली दोन वर्षे तो तसाच वाटत होता.

ड्रॉ डॉट आयओची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. ब्राउझर उघडला की काम सुरू होते, खाते काढावे लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि फाइल कुठे ठेवायची ते आपण ठरवतो. २०२० मध्ये त्याचे नाव डायग्राम्स डॉट नेट झाले होते, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले, यावरूनही ते किती रुळलेले आहे याची कल्पना यावी. ग्राहकासमोर बसून, तो बोलत असतानाच कॉन्टेक्स्ट डायग्राम (प्रणाली आणि तिचा बाहेरच्यांशी संबंध दाखवणारी ढोबळ आकृती) काढायचा असेल, तर मला अजूनही दुसरे काही सुचत नाही. समोरचा माणूस संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून "हा बाण उलटा पाहिजे" असे म्हणतो, आपण तो उलटा करतो आणि बैठक पुढे सरकते. विश्लेषणाच्या पहिल्या टप्प्यात या सहजतेचे मोल फार आहे.

माझे मत फिरले ते एका पतसंस्थेच्या कर्जप्रणालीचे काम करताना. पहिल्या आठवड्यात आम्ही ज्याला 'खातेदार' म्हणत होतो, ती प्रत्यक्षात एक गोष्ट नव्हतीच. संस्थेचा सभासद वेगळा आणि नाममात्र सभासद वेगळा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नाममात्र सभासदाला मतदानाचा हक्क नसतो, आणि कर्जाच्या नियमांतही संस्था या दोघांत भेद करत होती. तेव्हा 'खातेदार' हे नाव काढून 'सभासद' असा क्लास ठेवायचा आणि त्याखाली 'नाममात्र सभासद' आणायचा, असे ठरले. निर्णय पाच मिनिटांत झाला. त्यानंतर अर्धा दिवस मी नऊ आकृत्यांतली नावे बदलत बसलो होतो, कारण चित्र काढणाऱ्या साधनाच्या लेखी 'खातेदार' लिहिलेली प्रत्येक चौकट म्हणजे स्वतंत्र चौकट असते. एका पानावरचा 'खातेदार' आणि दुसऱ्या पानावरचा 'खातेदार' हे एकच आहेत, ही गोष्ट फक्त माझ्या डोक्यात होती. फाइलमध्ये ती कुठेही नव्हती.

व्हायचे तेच झाले. आठ आकृत्या बदलल्या आणि कर्जमंजुरीचा सीक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कोणत्या क्रमाने निरोप देतो ते दाखवणारी आकृती) राहून गेला. प्रोग्रामर नवा होता. त्याने 'सभासद' आणि 'खातेदार' अशी दोन्ही नावे पाहिली आणि डेटाबेसमध्ये दोन वेगळी कोष्टके तयार केली. त्याच्यासमोर जे कागद होते त्यांवरून त्याचे काही चुकले असे मला म्हणता येणार नाही. चाचणीच्या वेळी एकच माणूस दोन ठिकाणी दोन क्रमांकांनी दिसू लागला तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. चूक माझीच होती आणि ती निष्काळजीपणाची होती, हे मान्यच आहे. तरीही प्रत्येक नामांतराच्या वेळी नऊ ठिकाणी तितकेच सावध राहण्याची जबाबदारी माणसावर टाकणारी पद्धत मला नंतर खटकत राहिली ती राहिलीच.

तेच काम पुढे स्टारयूएमएलमध्ये नव्याने मांडले. तिथे क्लास एकदाच तयार होतो आणि मॉडेल एक्स्प्लोररच्या यादीत बसतो. आकृत्यांमध्ये दिसतात ती त्याची दर्शने. यादीत नाव बदलले की जिथे जिथे तो क्लास मांडला आहे तिथे तिथे नाव बदललेले दिसते. ओएमजी या संगणक क्षेत्रातल्या मानके ठरवणाऱ्या संघटनेने १९९७ मध्ये यूएमएल, म्हणजे अशा आकृत्यांची प्रमाण भाषा, स्वीकारले आणि पुढे आकृत्यांचे प्रकार वाढत वाढत १४ झाले. पण एकाच प्रणालीकडे अनेक बाजूंनी पाहायचे, हा त्यामागचा विचार मला पुस्तकातून जेवढा कळला नव्हता तेवढा त्या एका नामांतराने कळला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हाच मोठा लाभ वाटतो. साधन स्वतःच वारंवार विचारत राहते की ही वस्तू नवी आहे की आधीचीच आहे, आणि विश्लेषकाने स्वतःला नेमका हाच प्रश्न विचारायला हवा.

अर्थात, हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. आधीचाच क्लास दुसऱ्या आकृतीत हवा असेल तर तो एक्स्प्लोररमधून ओढून आणावा लागतो. टूलबॉक्समधून नवी चौकट घेऊन तेच नाव टंकले, तर मॉडेलमध्ये जुळे भाऊ तयार होतात आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो. सीक्वेन्स डायग्राममध्ये लाइफलाइनला (एकेका सहभागी वस्तूच्या उभ्या रेघेला) क्लास 'टाइप' म्हणून जोडावा लागतो, नुसते नाव लिहून भागत नाही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो खोडण्यात. डिलीटची कळ दाबली की चौकट आकृतीतून जाते, मॉडेलमध्ये मात्र राहते. मुळातूनच काढायची असेल तर कंट्रोलसह डिलीट दाबावे लागते. पहिल्या महिन्यात माझ्या मॉडेलमध्ये कुठल्याच आकृतीत नसलेल्या क्लासांची भुतावळ साचली होती, आणि ती साफ करताना एकदा हवा असलेला क्लासही मुळासकट गेला. त्या दिवशी कंट्रोल-झेडचे महत्त्व वेगळे शिकावे लागले नाही. एंटरप्राइज आर्किटेक्ट या मॉडेल सांभाळणाऱ्या दुसऱ्या साधनामध्येही याच दोन कळा याच अर्थाने चालतात, त्यामुळे पुढेमागे नोकरीत ते हाताळावे लागले तर ही सवय वाया जात नाही.

स्टारयूएमएलच्या उणिवाही सांगायला हव्यात. ते पैसे न भरता वापरून पाहता येते, पण कामासाठी वापरायचे तर परवाना घेणे भाग आहे, आणि विद्यार्थ्याला हा मुद्दा जाचू शकतो. डीएफडी त्यात काढता येते. तरीही डीएफडीतला डेटा स्टोअर (माहिती साठवण्याची जागा) आणि क्लास डायग्राममधला क्लास यांचे नाते ते जोडून देत नाही, तिथे पुन्हा आपल्याच डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. ज्यांचा अभ्यासक्रम मुख्यतः डीएफडी आणि ईआर आकृत्यांपुरता (डेटाबेसमधल्या नोंदींची नाती दाखवणाऱ्या आकृत्यांपुरता) आहे, त्यांना माझ्या युक्तिवादाचा निम्माच उपयोग आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. शिवाय सगळे मॉडेल सहसा एकाच फाइलमध्ये असते. दोघांनी तिच्यात एकाच वेळी बदल केले तर ते जुळवणे जिकिरीचे होते. आम्ही सरळ पाळ्या लावल्या होत्या.

इथे कोणीतरी प्लँटयूएमएलचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. मजकूर लिहायचा आणि आकृती तयार मिळवायची, बदल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ओळीओळीने दिसतात, आणि नाव बदलायचे तर सर्व फाइलींत शोधून बदलता येते. जो रोज कोड लिहितो त्याला ते बहुधा सर्वांत जवळचे वाटेल. सीक्वेन्स डायग्रामपुरते मीही ते अधूनमधून वापरतो. मात्र चौकटी कुठे बसाव्यात यावर आपला ताबा मर्यादित राहतो, विंडोज सोडून इतरत्र क्लास डायग्रामसाठी सहसा ग्राफविझ हे चौकटींची मांडणी करणारे साधन वेगळे बसवावे लागते, आणि प्लँटयूएमएल ज्यावर चालते ती जावा जुनी असेल आणि विंडोजवर देवनागरी नावे हवी असतील तर यूटीएफ-८ या अक्षरसंकेताचा पर्याय आठवणीने द्यावा लागतो. नुकत्याच शिकू लागलेल्या माणसाने एकाच वेळी आकृतीचे व्याकरण आणि मजकुराचे व्याकरण अशी दोन ओझी उचलावीत का, याबद्दल मी साशंक आहे.

तेव्हा निवड करणाऱ्याला मी एवढेच सुचवेन की आपल्या प्रकल्पात किती आकृत्या होणार आहेत ते आधी मोजावे. दोन-तीन आकृत्यांचे सादरीकरण असेल, किंवा काम ग्राहकाशी बोलण्याच्या टप्प्यावरच थांबणार असेल, तर ड्रॉ डॉट आयओ सोडण्याचे कारण मला दिसत नाही. एकच क्लास तिसऱ्या आकृतीत येऊ लागला असेल आणि नावे अजून ठरायची असतील, तर स्टारयूएमएलवर आठवडाभर चिडण्याची तयारी ठेवून सुरुवात करावी, आणि तीही आकृत्या थोड्या असतानाच. मी ती उशिरा केली. ड्रॉ डॉट आयओमधल्या नऊ आकृत्या स्टारयूएमएलमध्ये हाताने पुन्हा उभ्या करण्यात माझे दोन शनिवार गेले आणि त्या खटाटोपात 'जामीनदार' हाही दोन आकृत्यांत दोन नावांनी वावरत असल्याचे सापडले.