शेळ्यांची लेंडी तपासणारी लॅब, धाराशिव: पैसे वसूल, पण रिपोर्टला दम धरा

शेळ्या पाळणाऱ्यांसाठी लिहितोय. धाराशिवला तुळजापूर रोडच्या अंगाला एक छोटी प्रायव्हेट लॅब आहे, तिथं लेंडी तपासून जंताचा रिपोर्ट देतात. ५ पैकी ४ स्टार. फी जंताच्या औषधाच्या मोठ्या बाटलीपेक्षा कमीच पडते.

आपल्याकडं कसंय, मृगाच्या आधी एकदा अन पाऊस संपला की एकदा, मेडिकलवाला देईल ते औषध सगळ्या कळपाला एकाच मापानं पाजायचं अन मोकळं व्हायचं. इथल्या डॉक्टर मॅडमनी आधी विचारलं, व्यालेल्या किती, गाभण किती, करडं किती महिन्यांची, बोकड खच्ची केलेला का पैदाशीचा. म्हणलं लेंडी तपासायला आलोय का जनगणनेला. मग म्हणल्या खाली पडलेली लेंडी आणू नका, प्रत्येक जनावराची ताजी घ्या, वेगळ्या पिशवीत, वर नंबर टाका. लेंडी मिठाच्या दाट पाण्यात घोळतात, अंडी तरंगून वर येतात, मग रेघा आखलेल्या काचेवर मायक्रोस्कोपखाली मोजून एका ग्रॅममागं किती ते काढतात. मला स्वतः बघू दिलं, हे लई आवडलं.

रिपोर्ट बघून मात्र चक्रावलो. नुकती व्यालेली उस्मानाबादी, जुळी पाजणारी, तिची अंडी भरमसाट, अन तिच्याच शेजारी बांधलेली भाकड, तोच चारा तेच पाणी, तिच्यात नावाला. मॅडम म्हणल्या, मामा, व्यायच्या दोनेक आठवडे आधीपासून ते व्याल्यावर सहा-आठ आठवडे शेळीची जंताला दाबून धरायची ताकद उतरते. दुधासाठीचं प्रोलॅक्टिन हार्मोन त्या काळात वाढतं, बाकीची हार्मोन्स पण वरखाली होतात, त्यात खाण्यातलं प्रोटीन सगळं कासेकडं जातं, मग पोटात गप पडलेले जंत उठतात. अन ही अंडी पडतात नेमकी तिथंच जिथं करडं नुकती चारा कुरतडायला लागलेली असतात. करडांच्या अंगात जंताविरुद्ध ताकद यायला काही महिने चरावं लागतं, तोवर ती उघडीच. म्हणजे आपण गाभण अन व्यालेलीकडं वेगळं लक्ष न देता सगळ्या कळपाला सारखंच पाजत बसतो ते उलटंच.

पैदाशीच्या बोकडात पण खच्ची केलेल्यापेक्षा अंडी जास्त निघाली. टेस्टोस्टेरॉन जास्त असलं की जंताशी लढायची ताकद कमी पडते म्हणे. म्हातारी शेळी होती एक, तिची ताकद वयानं परत घसरते, तिच्याकडं पण लक्ष ठेवा म्हणल्या. आमच्याकडं जास्त तो रक्तपिता हिमोंकस निघाला. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो, हजार जंत असले की रोजचं ५० मिली गेलं. मग डोळ्याची पापणी आतून पांढरी पडणार अन जबड्याखाली पाणी उतरणारच ना.

औषध सगळ्यांना दिलंच नाही, ज्यांचा आकडा जास्त त्यांनाच, तेही वजन करून. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर संपवतं म्हणून मेंढीचा डोस पुरत नाही, पण मनानं वाढवायचा नाही, विचारूनच. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको हे ठळक लिहून दिलं. दोन आठवड्यांनी परत लेंडी आणायला लावली, आकडा पडला नाही तर औषध लागू नाही असं समजायचं. एका करडाला हगवण होती ती कॉक्सिडियाची निघाली, हा जंत नाही, वेगळा बारीक परजीवी, जंताच्या औषधानं ती हगवण हटत नाही, हे जनावरांच्या औषधाची दुकानं कधी सांगत नाहीत. पेंड अन शेवरीचा पाला व्यालेल्या शेळीला वाढवा हे पण सांगितलं, फुकटचा सल्ला पण कामाचा.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो, तोही हातानं लिहिलेला, व्हॉट्सअपवर वाकडा फोटो, आकडे वाचायला फोन करावा लागतो. दोन जिने चढायचे, रविवारी बंद. अन उन्हाळ्यात पिशवी बर्फाच्या डब्यात घालून न्या, गाडीच्या डिक्कीत तापली की अंड्यातून अळ्या बाहेर येतात अन मोजणी फसते.