स्प्रेडशीटवर जीएसटीचा हिशेब: स्टेशनरीच्या दुकानातला वापरानंतरचा अनुभव

एप्रिल २०२५ मध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरच्या स्टेशनरी दुकानाची बिले आणि जीएसटीचा हिशेब मी एक्सेलमध्ये स्वतः बसवलेल्या सूत्रांवर करतो आहे. शाळा उघडतानाची जूनची गर्दी या पत्रकाने सहज निभावली. खरी परीक्षा झाली ती २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले तेव्हा. शालेय वह्या आणि पेन्सिली १२ टक्क्यांवरून शून्यावर आल्या, कंपासपेटी १२ वरून ५ वर आली, आणि पेन व कॅल्क्युलेटर १८ टक्क्यांवरच राहिले.

सूत्रातच ‘गुणिले १२ टक्के’ असे लिहिले असते, तर त्या दिवशी प्रत्येक रकाना उसवावा लागला असता. दरांचा तक्ता वेगळ्या पानावर असला, तरी नुसता जुना आकडा खोडून नवा भरणे धोक्याचे असते, कारण त्यासरशी ऑगस्टच्या बिलांतला करही बदलतो. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक दराला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा आहेत आणि बिलाच्या तारखेवरून ‘समइफ्स’ (अटींत बसणाऱ्या आकड्यांची बेरीज करणारे एक्सेलचे सूत्र) योग्य दर उचलते. यात एक खोच आहे. मालाचे नाव तक्त्यात सापडले नाही तरी हे सूत्र तक्रार न करता शून्य देते, आणि आता वह्यांचा खरा दरही शून्यच आहे! शेजारी ‘काउंटइफ्स’चा (अटींत बसणाऱ्या ओळी मोजणाऱ्या सूत्राचा) रकाना ठेवून तिथे १ आला तरच ओळ ग्राह्य धरावी, असे मी सुचवेन.

पैशांच्या फरकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. करपात्र किंमत ४७.५० रुपये असलेल्या पेनवर ९ टक्के सीजीएसटी (१८ टक्के जीएसटीतला केंद्राचा निम्मा वाटा) ४.२७५ होतो आणि दोन दशांश स्थळांच्या मांडणीत तो ४.२८ दिसतो. अशा तीन ओळींची बेरीज ग्राहक १२.८४ करतो, तर पत्रक १२.८३ दाखवते. बेरीज करण्याआधी प्रत्येक ओळीवर ‘राउंड’ (दोन दशांशांपर्यंत आकडा खरोखर पूर्ण करणारे सूत्र) लावल्यास हा वाद मिटतो. छापील किमतीतून कर वेगळा काढताना १८ ने गुणून ११८ ने भागावे. ४९९ रुपयांच्या कॅल्क्युलेटरवर तो ७६.१२ येतो. थेट १८ टक्के काढणारी सूत्रे इंटरनेटवर आजही सर्रास फिरतात.

पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्रात असेल तर सीजीएसटी व एसजीएसटी (राज्याचा वाटा), गोव्यात किंवा अन्य राज्यात असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित कर), ही निवड ‘इफ’ बिनबोभाट करते. मात्र जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक (राज्याचा संकेतांक, महाराष्ट्राचा २७) ‘लेफ्ट’ने काढले असतील, तर ते मजकूर म्हणून येतात, त्यांची तुलना अवतरणचिन्हांतल्या २७ शी करावी, नाहीतर गावातल्या गिऱ्हाइकालाही आयजीएसटी लागतो.

जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) साठी लागणारा एचएसएनवार (मालाच्या वर्गीकरण क्रमांकानुसार) गोषवारा पिव्होट टेबलमधून (एक्सेलच्या सारांश तक्त्यातून) झटपट निघतो आणि कर सल्लागाराकडे तोच पाठवतो. उणीव एकच, पण मोठी आहे: दिलेले बिल नंतर कोणीही बदलू शकतो आणि त्याचा माग सहजी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक बिलाची पीडीएफ मी त्याच वेळी काढून ठेवतो. गल्ल्यावर एकावेळी दोघेजण बिले करणार असतील, तर तयार बिलिंग सॉफ्टवेअरच घ्यावे.