साखर पेठ की जुळे सोलापूर?

घर घेताना सुरक्षितता आधी बघायची असेल, तर माझं मन सोलापुरातल्या जुन्या साखर पेठेकडे झुकतं. घराला घर लागून, मागांचा खडखडाट, ओट्यावर बसलेल्या आज्ज्या. बोळात अनोळखी माणूस शिरला की तेलुगूत नाहीतर मराठीत "कोण पायजे?" विचारणारच. आठ दिवस गावाला गेलं तरी शेजारचे कुलपावर नजर ठेवतात. दुचाकी मात्र रात्रभर बाहेर, तिची काळजी राहतेच.

जुळे सोलापूर ही शहराची नवी वसाहत; तिथे मोकळी हवा, गाडी कुंपणाच्या आत. पण नवरा-बायको दोघं कामावर, शेजारचा प्लॉट रिकामा; दुपारी बंद घर लांबूनच ओळखू येतं. सीसीटीव्ही चोरीनंतर तपासाला उपयोगी. चोरी होतानाच हाक ऐकायला माणूस लागतं. रुंद, सामसूम रस्त्यावर फिरायला निघताना दागिना जपावा लागतो. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून हिसकावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा तक्रार द्याच.

तिकडेच घर घ्यायचं ठरलं असेल, तर व्यवहाराआधी दुपारी दोनला आणि रात्री दहाला त्या गल्लीतून एकदा चालून या.